बहिणीच्या नवऱ्याचे दोन पाय बघायला त्रिशूरला

जायचं ठरलं ते एका फोटोमुळं. माझी धाकटी बहीण गौरा केरळात त्रिशूरला राहते. तिचे मालक बसवराज, आम्ही त्यांना बसूदाजी म्हणतो, सोनं गाळायचा धंदा करतात. सांगोला-आटपाडीकडची कितीतरी घरं या गलाईच्या धंद्यात तिकडं जाऊन बसलीत, त्यातलंच हे एक. तर गौरानं मोबाईलवर फोटो पाठवला. दाजी समुद्राच्या कडेला उभे, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय पाण्यात. खाली लिहिलं होतं, 'साठी झाली बरं का!'

मी फोटो बोटांनी मोठा केला आणि पाय बघितले. दोन्ही होते. बोटंसुद्धा सगळी.

दाजींना शुगर आमच्या मालकांच्या कितीतरी आधीपासून. आमचे मालक सोलापूरला कांद्याच्या अडतीवर होते. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली. संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या यात्रेत ते उंच नंदीध्वज निघतात ना, ते पेलणाऱ्यांत मालक असायचे. पांढरी बाराबंदी, डोक्याला फेटा आणि पाय अनवाणी. डांबर, खडी, काचा, सगळ्यांवरून चालत जायचे. "मला काय लागत न्हाय ओ, सिद्धरामाची कृपा हाय," म्हणायचे. गल्लीतले लोक त्यांच्या पाया पडायचे. शेवटच्या यात्रेहून घरी आले तर टाचेत पत्र्याचा तुकडा रुतलेला. त्यांना पत्ताच नव्हता. आधी अंगठा गेला, मग पाय गेला, मग माणूस गेला. डॉक्टरनं हार्ट बंद पडलं म्हणून सांगितलं.

आणि हे तीन वेळा भात खाणारे दाजी समुद्रात उभे. मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला आनंद झाला नाही. पोटात जळलं. मला पण शुगर निघालीय, गोळी चालू आहे. म्हटलं, जाऊन बघूच, त्या गावात असं काय आहे.

सुनेला, पल्लवीला, सांगितलं. ती म्हणाली, "आत्याबाई, उन्हाळ्यात कशाला? पावसाळ्यानंतर जावा की."

"तवर मी राहते का न्हाय कुणाला ठावं," म्हटलं, आणि तिकीट काढायला लावलं.

तुम्हाला जायचं असेल तर ऐका. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी गाडी सोलापूरला पहाटे येते. स्लीपरचं तिकीट सातशेच्या आत. उन्हाळ्यात महिना-दीड महिना आधी काढा, नाहीतर संडासाजवळ बसून जायची पाळी. खालचा बर्थ मागा. खाण्याचं म्हणाल तर माझा सात रस्ता चौकाजवळ कडक भाकरीचा गाडा आहे, त्यामुळं मी दोन पुडकी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही बरोबर घेतलं. कडक भाकरी चार-आठ दिवस काही होत नाही. गाडीतला भात पांढरा फटक आणि वरण म्हणजे पिवळं पाणी. त्याच्या नादी लागू नका.

कलबुर्गीला एक बाई चढली. रायचूरला निघालेली, माझ्याच वयाची. कपाळाला विभूती बघून मी कन्नडातच सुरू केलं. तिच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. मी विचारलं, मालक कशानं गेले?

"एकदम गेले," ती म्हणाली. "जेवले, झोपले, सकाळी उठलेच न्हाईत."

"शुगर होती?"

"होती की. कुणाला न्हाय?"

"मग शुगरनं गेले म्हण की."

"शुगरनं कोण मरतंय, अक्का? शुगर तर सगळ्यांनाच हाय." आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच अडाणी. माझी अर्धी भाकरी मात्र खाल्ली.

दुपारी रेणीगुंट्याला जेवणवाल्यांचा गलका झाला. तिथं दही-भात पानात बांधून मिळतो, तो घ्या, चांगला असतो. तिथूनच एक तमिळ नवरा-बायको माझ्यासमोर बसले, सेलमचे. दोघांना मोडकं हिंदी येत होतं, मला त्याहून मोडकं. जेवायच्या आधी बाईनं पिशवीतून छोटं मशीन काढलं, नवऱ्याच्या बोटाला टोचलं, आकडा बघितला. मग थंड डब्यातली सुई काढून त्याच्या पोटात इंजेक्शन दिलं. सगळ्या डब्यासमोर. तो खिडकीतून बाहेर बघत होता, जसं बायको शर्टाचं बटण लावून देतेय.

मी विचारलं, "शरम नहीं आती?"

बाई हसली. "इनका भाई शुगर से गया. इनको नहीं जाने देगी."

मी पाणी प्याले. तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि चहावाल्याच्या हातातल्या कपातला गरम चहा सांडला, थोडा त्या बाईच्या पायावर, बराच माझ्या. ती ओरडली, पाय वर घेतला. मी फडक्यानं पुसलं आणि म्हटलं, "हमको कुछ नहीं हुआ. सोलापूर का पाय है." चहावाला सॉरी सॉरी करत पळाला. मला जरा बरं वाटलं. निदान एका बाबतीत मी त्या बाईपेक्षा वरचढ.

बर्थवर पडल्या पडल्या माझा मी हिशेब लावला. आमच्या गल्लीत माणूस नुसता 'गेला' असतो. कलबुर्गी-रायचूरला तो 'एकदम गेला' असतो. सेलमला आलं की तो 'शुगरनं गेला' होतो. आता पुढं बघायचं होतं.

गाडी उशिरा धावत होती, त्यामुळं पालक्काड उजेडात बघायला मिळालं. गाडीला उशीर झाला म्हणून मी कधी खूश झाले नव्हते, ती तेवढी एकदा. डोंगराच्या खिंडीतून गाडी आत शिरते आणि अर्ध्या तासात देश बदलतो. इकडं एप्रिलात आमच्या माळावर जनावराला चघळायला काडी नाही, आणि तिथं भाताची खाचरं, नारळ, केळी, घरापुढं विहीर आणि विहिरीत पाणी! आमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांनी असं काय पुण्य केलं?

स्टेशनवर गौरा आणि दाजी दोघं आलेले. दाजी पुलाच्या पायऱ्या चढून आले. मी आधी तोंड नाही बघितलं. पाय बघितले. काळी, जाड, मऊ तळव्याची चप्पल, मागं पट्टा.

"अक्का, खाली काय हुडकताय?" दाजी म्हणाले.

"काय न्हाय. तब्येत बरी दिसतीय तुमची," मी म्हटलं. ते ऐकून गौरानं माझ्याकडं बघितलं. तिला माझा आवाज लहानपणापासून कळतो.

घर दोन मजली, खाली दुकान. आत भट्टी, ॲसिडचा वास, मुशीत सोनं वितळतंय. त्या गावात दर पाच दुकानांत एक सोन्याचं आणि एक औषधाचं. खायला आमच्यासारख्या शाकाहारी माणसानं 'प्युअर व्हेज' पाटी बघूनच शिरावं. सकाळी पुट्टू म्हणून तांदळाच्या पिठाचा वाफवलेला नळा मिळतो, बरोबर काळ्या हरभऱ्याची उसळ, साठ-सत्तर रुपयांत पोट भरतं. हॉटेलात गुलाबी कोमट पाणी आणून ठेवलं तर ओतून देऊ नका, मी दिलं. तो कसल्याशा लाकडाचा काढा असतो, पिण्यासाठीच.

पहिल्या संध्याकाळी गौरानं देवाजवळ दिवा लावला. मग दाजी पाय धुऊन आले, खुर्चीत बसले, आणि गौरा खाली पाटावर बसली. हातात आरसा. दाजींचा एक एक पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचकीत, टाचेला, तळव्याला बघू लागली. आरसा खाली धरून दाजींना पण दाखवला. दाजी मोबाईलवर बातम्या ऐकत होते. नखं कापली, तेल लावलं, बोटांच्या मध्ये लावलं नाही. देवाची आरती करावी तसं ते रोजचं.

"हे रोज करतीस?" मी विचारलं.

"रोज. दिवा लावला की पाय."

मी उठून बाल्कनीत गेले. आमच्या मालकांच्या पायाला अख्खी गल्ली हात लावायची, पण डोकं टेकवायला. तळवा कुणी उलटा करून बघितला नाही.

गौराची मुलगी अश्विनी तिथंच नर्सिंग शिकते. रात्री जेवताना मी म्हटलं, "तुमच्या गावात शुगर न्हाईच वाटतं."

"मावशी, उलट आहे. इथं घरोघरी शुगर आहे. शुगरनं गेलेल्यांचा नकाशा काढला तर आमच्याकडचा रंग तुमच्यापेक्षा गडद निघेल."

"मग आमी बरे की!" मी खुशीत म्हटलं.

"ऐका तर. इथं शुगर जास्त, म्हातारी माणसं जास्त, आणि शुगरनं माणूस गेला तर शुगरनं गेला असं लिहिण्याची सवय पण जास्त. काही ठिकाणी शुगर कमी असते, पण ज्याला होते तो लवकर जातो, कारण ती उशिरा कळते. आणि गेल्यावर लिहितात हार्ट, नाहीतर म्हातारपण. मग नकाशात तो जिल्हा फिका दिसतो."

मी घास तसाच धरला. "म्हणजे तुझे काका त्या नकाशात न्हाईत?"

तिनं हातातला डाव पातेल्यात ठेवला. मग म्हणाली, "हार्टमध्ये असतील, मावशी."

बघा म्हणजे! जगणं त्यांचं चांगलं, पाणी त्यांचं चांगलं, आणि मेल्यावरसुद्धा त्यांची माणसं बरोबर जागी लागलेली. आमचं माणूस भलत्याच रांगेत उभं. दाजींनी भात वाढून घेतला. मोजून एक डाव आणि वर पालेभाजीचा ढीग. मला तेही सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अतिरप्पिळ्ळीचा धबधबा बघितला. त्रिशूरहून बसनं चालक्कुडी, तिथून दुसरी बस, रस्ता रबराच्या झाडांतून. आत जायला तिकीट आहे, पाणी घरूनच न्या. खाली उतरायला दगडी वाट आहे, ती घसरते. दाजी माझ्या पुढं उतरत होते, जपून, पण न थांबता. खाली पाण्याचे शिंतोडे अंगावर आले. सगळे ओरडत होते, फोटो काढत होते. एवढं पाणी नुसतं खाली पडतंय आणि कुणाला त्याचं काही नाही. मालकांना मी साधं उजनी धरण पण नीट दाखवलं नाही, हा विचार मनात आला आणि मी दाजींवरच खेकसले, "सावकाश की जरा! पळायलाय कुटं?"

तिसऱ्या दिवशी महादेवाला जायचं होतं. गावाच्या मधोमध वडक्कुन्नाथनचं देऊळ आहे, भोवती मोठं मैदान, झाडं. बायकांनी साडी नेसावी, पुरुषांना शर्ट काढून पांढरी लुंगी लागते. आत फोटो काढू देत नाहीत. चप्पल बाहेर ठेवायची. दाजी म्हणाले, "अक्का, पहाटे जाऊ. दगड गार असतो. मी नेहमी पहाटेच जातो."

"मला न्हाय उठवत. देव काय पळून जातोय?" मी म्हटलं. तिथंही त्यांचंच ऐकायचं म्हणजे काय!

त्यामुळं आम्ही गेलो तेव्हा ऊन चढलं होतं. देऊळ दुपारी बंद होतं, म्हणून घाईच झाली. दाजी म्हणाले, मी आत येत नाही, झाडाखाली बसतो. मी आणि गौरा गेलो. देऊळ बघण्यासारखं आहे, हे कबूल. कौलारू गोल गाभारा, आत महादेव तुपात बुडालेला, पिंड दिसतच नाही, तुपाचाच डोंगर. मी हात जोडले आणि प्रदक्षिणेला निघाले. फरशी उघड्यावर, काळा दगड. गौरा दोन पावलांत नाचायला लागली.

"अगं आई गं! अक्का, सावलीतनं चल, भाजतंय!"

समोरून येणारे लोक पण उड्या मारत, टाचा उचलत पळत होते. मी नाही पळाले. पदर सारखा केला आणि सावकाश, ताठ चालले. मधोमध. लोक माझ्याकडं बघत होते. गौरा सावलीच्या पट्टीत उभी राहून तळवे फुंकत होती. मी तिच्यापुढून जाताना म्हटलं, "बघ. आमच्यावर सिद्धरामाची कृपा हाय. तुमच्या गावाला धबधबा असू दे, न्हायतर सोनं असू दे."

खरं सांगते, त्या ट्रिपमध्ये पहिल्यांदा मला वाटलं की मी जिंकले. मी प्रदक्षिणा सगळी पुरी केली.

बाहेर आलो. गौरानं हसत हसत दाजींना सांगितलं, "अहो, अक्काचे पाय लोखंडाचे हायेत! तापलेल्या दगडावरनं नवरीसारखी चालली, काय भाजलं न्हाय."

दाजी हसले नाहीत. शेंगदाण्याची पुडी खाली ठेवली. "अक्का, खरंच भाजलं न्हाय?"

"न्हाय."

"जरा पण?"

"न्हाय म्हटलं की!"

"बसा हितं. गौरा, अक्काचा पाय बघ."

मी पाय साडीखाली ओढून घेतला. भर रस्त्यात मेहुण्यासमोर पाय काय दाखवायचा! पण गौरानं ऐकलं नाही. माझा घोटा धरला, तळवा वर केला आणि तिचं तोंड उतरलं. चवड्याखाली फोड आला होता, मोठा, पाण्यानं भरलेला. दुसऱ्या पायाला दोन. वरच्या बाजूला चहाचा लाल डाग, गाडीतला.

मी ते बघत होते आणि मला दुसऱ्याच कुणाचे तरी पाय बघितल्यासारखं वाटत होतं. काही दुखत नव्हतं. आणि माझ्या कानात मालकांचा आवाज आला. 'मला काय लागत न्हाय ओ.'

आम्ही ज्याला कृपा म्हणून हात जोडत होतो ते हे होतं.

जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. रांग होती, पण सरकणारी. नर्सनं फोड साफ केले, पट्टी बांधली. मग एक काडी काढली, तिच्या टोकाला मासे धरायच्या गळाला असतो तसा बारीक, ताठ दोरा. अश्विनी कॉलेजातून आली होती, ती मराठीत सांगत होती, "मावशी, डोळे मिटा. तळव्याला दोरा टेकला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटून बसले. वाट बघितली. बाहेर कुणीतरी खोकत होतं, पंखा फिरत होता. मला राग आला. मी म्हटलं, "अगं, सुरू कधी करणार हाय ती? मला दिवसभर बसायचं न्हाय."

अश्विनीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग हळू म्हणाली, "मावशी, दोन्ही पायांचं झालं."

मी डोळे उघडले. नर्स काडी पुसून ठेवत होती.

डॉक्टरनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. गेलेली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही, पण पाय राखता येतो. रोज बघायचा. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरात पण नाही. शुगर ताब्यात ठेवायची, गोळी वाढवली. आणि ती काळी, मऊ तळव्याची चप्पल. दाजी जाऊन ती घेऊन आले, माझ्या मापाची. मला मालकांच्या पायाचं माप आठवलं.

त्या संध्याकाळी गौरानं दिवा लावला, दाजींचे पाय बघितले आणि पाट उचलून माझ्यापुढं आणून ठेवला.

"मला न्हाय लागत," मी म्हटलं.

"गप बस. थोरली हायेस. पाया पडतीय असं समज," ती म्हणाली आणि पाय मांडीवर घेतला. तिचा हात फिरत होता, ते मला दिसत होतं. कळत नव्हतं. तेव्हा मी रडले. गौराला वाटलं दुखलं.

परतीची गाडी तीच, उलटी. येताना केळीचे वेफर्स आणा, खोबरेल तेलातले, पण शुगरवाल्यांनी मूठभरच. सगळ्या वाटेनं मी बघत आले, प्लॅटफॉर्मवर कोण कोण अनवाणी आहे ते. एकदा सवय लागली की दुसरं काही दिसत नाही.

आता घरी येऊन महिना झाला. पल्लवीनं आधी तोंड वाकडं केलं. "आत्याबाई, चप्पल घालून स्वयंपाकघरात? देवापुढं?"

मी म्हटलं, "देवाला मी सांगितलंय. तुला काय सांगायचं आसंल तर तू पण सांग." देवघरापुरती वेगळी जोडी ठेवलीय, रस्त्याला न लागलेली. दिवा लावला की खाटेवर बसते, आरसा जमिनीवर ठेवते आणि वाकून एकटीच बघते. कंबर दुखते. परवा पल्लवी आली, काही न बोलता आरसा उचलून धरला, तिरपा, उजेडाकडं. नाक मुरडूनच, पण धरला. समोरच्या घरातले नंदीध्वज पेलणारे अण्णा मला हसत होते, त्यांना मी यात्रेच्या आधी एकदा तळवे दाखवा म्हणून सांगितलंय. अजून दाखवले नाहीत. मी पण सोडणार नाही.

ट्रिप करावी का? करावी. धबधबा बघा, तुपातला महादेव बघा, पण पहाटे जावा. गौराचा हेवा गेला का, असं अश्विनी फोनवर विचारत होती. नाही गेला. तिच्या घरी पाय बघणारं माणूस आहे आणि पाय पुढं करणारं माणूस पण आहे. माझ्या घरचं ते दुसरं माणूस गेलं. हे जळणं राहणार.

पण काल गाड्यावर एक पोरगी भाकरी घ्यायला आली. ऊन रणरणतं, डांबर वितळलेलं. तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि पाय रस्त्यावर टेकला. "अगं आई गं!" करून ती एका पायावर नाचली, डोळ्यांत पाणी आलं, शिव्या देत माझ्या गाड्याच्या सावलीत घुसली. लोक हसले. मी तिला पाणी दिलं, बसायला डबा दिला. ती तळवा चोळत "लई भाजलं ओ, मावशी, लई भाजलं" म्हणत होती.

मी तिच्या पायाकडं बघत होते. एवढा हेवा मला गौराचा पण कधी वाटला नाही.